कानठळ्या

सभेचा वृत्तान्त लिहिणारा वार्ताहर टाळ्यांच्या कडकडाटाने श्रोत्यांच्या कानठळ्या बसल्याचे लिहितो. सहलीचे वर्णन करणारा विद्यार्थी धबधब्याच्या आवाजाने सगळ्या वर्गाच्या कानठळ्या बसवितो. स्वयंपाकघरात एखादे पातेले हातातून निसटले, तरी घरातले वडीलधारे माणूस "कानठळ्या बसविल्यास की रे!" असे म्हणून मोकळे होते. यांपैकी कोणाचेही ऐकणे खरोखर थांबलेले नसते. टाळ्या संपताच वक्त्याचे पुढचे वाक्य वार्ताहराने बिनचूक टिपून घेतलेले असते. धबधब्याच्या काठी मुलांच्या गप्पा चाललेल्या असतात. पातेले पडल्यावर घरातल्या माणसांना एकमेकांचे बोलणे पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकू येत असते.

मोठ्या आवाजाविषयी मराठीत जे अनेक शब्दप्रयोग आहेत, त्यांत 'कानठळ्या बसणे' हा बहुधा सर्वांत वजनदार आहे. आणि सर्वांत अधिक उधळला गेलेलाही हाच आहे. तो कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भाषेच्या टापटिपीचा वाटेल. परंतु त्याचा संबंध माणसाच्या कानाशी आहे, तसाच एका माणसाने दुसऱ्याची तक्रार ऐकून घेण्याशीही आहे.

प्रथम या शब्दप्रयोगाची घडण पाहावी. 'कानठळ्या' हा शब्द सहसा अनेकवचनीच आढळतो, आणि 'बसणे' किंवा 'बसविणे' या क्रियापदांवाचून तो फारसा कोठे भेटत नाही. मराठीत 'बसणे' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. फार बोलल्याने घसा बसतो. थंडीने किंवा भीतीने दातखीळ बसते. सर्दीने कानात दडे बसतात. अशा सर्व ठिकाणी शरीराचा एखादा अवयव आपले काम करीनासा झाला, असा अर्थ निघतो. कानठळ्या बसतात, त्याही याच रीतीने. आवाजाचा आघात असा होतो की कान काही काळ निकामी होतो, आत एक बधिरपणा दाटतो, जवळचे बोलणेही दुरून आल्यासारखे वाटते.

या प्रयोगाची आणखी एक खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. 'तोफेच्या आवाजाने लोकांच्या कानठळ्या बसल्या' या वाक्यात कर्ता आवाज नाही. आवाज केवळ कारण म्हणून आला आहे. वाक्याचे सारे लक्ष ऐकणाऱ्याच्या कानाकडे आहे. आवाज किती मोठा होता, हे हा शब्दप्रयोग सांगत नाही. त्या आवाजाने माणसाचे काय झाले, एवढेच तो सांगतो. वर्णनापेक्षा साक्षीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

इतर भाषांनी हीच गोष्ट निराळ्या बाजूने पाहिली आहे. होमरच्या 'इलियड' या प्राचीन ग्रीक महाकाव्यात स्टेन्टॉर नावाचा एक वीर आहे. त्याचा एकट्याचा आवाज पन्नास माणसांच्या आवाजाइतका मोठा होता, असे तेथे सांगितले आहे. त्याच्या नावावरून इंग्रजीत खणखणीत, दणदणीत आवाजासाठी एक विशेषण रूढ झाले. त्या विशेषणात गळ्याचे कौतुक आहे. समोरच्याच्या कानाची विचारपूस नाही. कानाला बहिरे करणारा आवाज, अशा अर्थाचा दुसरा शब्दही इंग्रजीत आहेच. म्हणजे मोठ्या आवाजाला दोन टोके असतात, एक करणाऱ्याचे आणि दुसरे सोसणाऱ्याचे. मराठीतही 'गगनभेदी' हा शब्द पहिल्या टोकाचा आहे. जयघोष गगनभेदी असतो, रणवाद्ये गगनभेदी असतात. आवाज आकाशापर्यंत पोहोचला, याचा त्यात अभिमान असतो. 'कानठळ्या' हा शब्द दुसऱ्या टोकाचा आहे. म्हणून गौरवाच्या वाक्यात तो घालणे, ही चूकच होय. ज्या टाळ्यांनी वक्त्याचा सन्मान झाला, त्यांनी श्रोत्यांचे कान बधिर केले असे म्हणणे म्हणजे सन्मानाला इजेचे नाव देणे आहे.

'कर्णकर्कश' या शब्दाचाही असाच घोटाळा होतो. पुष्कळ लोक त्याचा अर्थ 'फार मोठा' असा समजतात. वास्तविक 'कर्कश' हे संस्कृतात मुळात स्पर्शाचे विशेषण आहे. हाताला खरखरीत, टणक लागते ते कर्कश. तेथूनच तर्कात कठोर असलेल्या पंडिताला 'तर्ककर्कश' म्हणण्याची रीत पडली. तेव्हा कानाला जे खरखरीत लागते, ओरखडल्यासारखे वाटते, ते कर्णकर्कश. त्यात मोठेपणाची अट नाही. पाटीवर पेन्सिल तिरकी पडली म्हणजे निघणारी किंकाळी, गंजलेल्या बिजागरीची करकर, कढईच्या तळाशी घासला जाणारा झारा, हे आवाज लहानच असतात. पण अंगावर काटा आणतात. उलट देवळातला चौघडा मोठा असूनही कर्कश नसतो. मेघगर्जना तर दूरवर ऐकू जाते, पण तिला कोणी कर्कश म्हणत नाही. 'कर्णकर्कश'च्या विरुद्ध 'कर्णमधुर' हा शब्द आहे. 'हळू' किंवा 'मंद' हा नाही. एवढे ध्यानात ठेवले, तरी या शब्दाचे अर्धे अपप्रयोग थांबतील.

'कान किटणे' याची जात तिसरीच. येथे आवाज मोठाही नसतो आणि कर्कशही नसतो. तेच ते बोलणे पुनःपुन्हा ऐकून कान कंटाळतात. कोणी गोड गळ्याने दिलेला उपदेशदेखील दहाव्या वेळी कान किटवितो. एका अवयवाच्या तीन निराळ्या दुःखांना भाषेने तीन निराळे शब्द दिले आहेत. जोराने होते ते दुःख कानठळ्यांचे, खरखरीतपणाने होते ते कर्कशतेचे आणि वारंवारतेने होते ते किटण्याचे.

आवाजाची जात सांगणारे शब्द तर मराठीत किती आहेत! ढगांचा गडगडाट, विजेचा कडकडाट, ढोलाचा दणदणाट, नाण्यांचा खणखणाट, घंटेचा घणघणाट. यांतील एकाच्या जागी दुसरा चालत नाही. माणसांच्या आवाजातही असाच विवेक आहे. बाजारात गलका असतो, वर्गात गोंगाट असतो, आग लागली म्हणजे हलकल्लोळ माजतो. आरोळी ठोकतात, ललकारी देतात, हंबरडा फोडतात, आणि बोंब मारतात. प्रत्येक शब्दाने आपले क्रियापद निवडून ठेवले आहे, आणि त्या क्रियापदात माणसाच्या मनाची स्थितीही सांगितलेली आहे. ज्याच्या हाताशी एवढी संपत्ती आहे, त्याने प्रत्येक मोठ्या आवाजाला 'कानठळ्या बसविणारा' हे एकच लेबल लावावे, हे कोठार भरलेले असता उपाशी राहण्यासारखे आहे.

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात बदलतात, हे खरे आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात शंखांच्या आणि रणवाद्यांच्या नादाला 'तुमुल' हे विशेषण लावले आहे. आज मराठीत तुमुल म्हटले की आवाज आठवत नाही, युद्ध आठवते. आवाजाचा शब्द लढाईचा झाला आणि भाषेचे काही बिघडले नाही. मग 'कानठळ्या बसणे' याचा अर्थ नुसता 'मोठा आवाज होणे' असा झाला, तर बिघडले कोठे? बिघडते ते असे, की तुमुलाने आपली जागा सोडली तेव्हा तेथे दुसरे शब्द उभे होते. कानठळ्यांनी आपली जागा सोडली, तर कानाला झालेल्या इजेसाठी बोलीत दुसरा सोपा शब्द उरत नाही. आणि ती इजा कल्पनेतली नाही.

ज्या आवाजाने खऱ्या अर्थाने कानठळ्या बसल्या, असे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. जावा आणि सुमात्रा या बेटांच्या मधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचा ज्वालामुखी आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी सकाळी त्याचा महाभयंकर स्फोट झाला. त्या परिसरात असलेल्या 'नॉरहॅम कॅसल' या ब्रिटिश जहाजाच्या कप्तानाने आपल्या निम्म्याहून अधिक खलाशांच्या कानांचे पडदे फाटल्याचे लिहून ठेवले आहे. तोच आवाज हिंदी महासागर ओलांडून सुमारे ४,८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर पोहोचला. तेथवर यावयास त्याला सुमारे चार तास लागले, आणि तेथील लोकांना दूर कोठे तरी तोफा डागल्या जात आहेत असे वाटले. आवाज एकच होता. रॉड्रिग्जच्या लोकांना तो नुसता ऐकू आला; जहाजावरच्या खलाशांच्या कानठळ्या बसल्या. कोणत्या ठिकाणी कोणता शब्द योग्य, हे याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण मिळणे कठीण आहे.

परंतु कान निकामी व्हावयास ज्वालामुखीच फुटला पाहिजे असे नाही. रोजच्या कामातला आवाजही तेच करतो, फक्त सावकाशीने करतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या त्या ग्रंथात त्याने व्हेनिस शहरातील तांबटांची हकीकत दिली आहे. तांब्याच्या पत्र्यावर दिवसभर हातोडा चालविणाऱ्या त्या कारागिरांचे कान हळूहळू बिघडतात आणि म्हातारपणी ते पार बहिरे होतात, असे त्याने नमूद केले आहे. पुढे १८८६ साली ग्लासगो येथील डॉक्टर टॉमस बार यांनी बॉयलर तयार करणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. लोखंडी पिंपासारख्या बॉयलरच्या आत बसून, बाहेरून ठोकल्या जाणाऱ्या रिव्हेटांचा आवाज हे कामगार रोज सोशीत असत. त्या शंभरांत एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्यांत तर मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येणे अशक्यच असे. तेथील विणकर ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे ओळखावयास शिकले होते.

या कामगारांच्या कानठळ्या एके दिवशी बसल्या आणि दुसऱ्या दिवशी सुटल्या असे झाले नाही. प्रारंभी काम संपल्यावर कानात गुणगुण होई, ऐकू कमी येई, आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर कान पूर्ववत होत. मग ती गुणगुण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू लागे. शेवटी 'आता सवय झाली, काही त्रास होत नाही' अशी वेळ येई. ती सवय नव्हती. त्रास जाणवून देणारी शक्तीच नाहीशी झालेली होती.

असे का होते, याचे उत्तर कानाच्या रचनेत आहे. कानाच्या अगदी आतल्या भागात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक लहानशी पोकळी आहे. तिच्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू धारण करणाऱ्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटांनी ते तंतू हलतात आणि त्यांचा निरोप मेंदूकडे जातो. वादळात पीक लोळावे त्याप्रमाणे मोठ्या आवाजात हे तंतू वाकतात. वादळ लहान असेल तर ते पुन्हा उभे राहतात. मोठे किंवा वारंवार असेल तर त्या पेशी मरतात. माणसाच्या कानात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवत नाहीत. पक्ष्यांच्या कानात मात्र त्या पुन्हा तयार होतात. तांब्यावर टोले पडावेत तसा 'टुक् टुक्' असा ज्याचा आवाज, त्या पक्ष्याला महाराष्ट्रात तांबट म्हणतात. निसर्गाने त्या पक्ष्याला गेलेले ऐकणे परत मिळविण्याची सोय दिली आहे. ज्याच्यावरून त्याला नाव मिळाले, त्या कारागिराला दिलेली नाही.

आवाजाची तीव्रता मोजण्यासाठी शास्त्रज्ञ 'डेसिबल' हे माप वापरतात. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते घेतले आहे. हे माप शेर-मापट्यासारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दसपट होते, वीस वाढले की शंभरपट. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. दिवसाचे आठ तास काम करणाऱ्या कामगाराच्या कानाला ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज सोसावयास लावू नये, असे अनेक देशांनी ठरविले आहे. सुमारे १२० डेसिबलच्या पुढे आवाज ऐकू येण्याबरोबर कान दुखू लागतो. भारत सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणासंबंधी नियम केले. त्यांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती याहूनही पाच डेसिबलने कमी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. काही सणांच्या दिवशी सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली दिलेल्या निकालात सांगितले, की आपला आवाज यंत्राने वाढवून तो इतरांना बळेच ऐकविण्याचा हक्क कोणालाही नाही.

कायदा आहे, माप आहे आणि मोजण्याची यंत्रेही आहेत. तरीही मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, लग्नाच्या वरातीत खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि निवडणुकीच्या विजयाचे फटाके रुग्णालयाच्या दारात वाजतात. यात कोणा एका गावाचा, पंथाचा किंवा पक्षाचा दोष नाही; ही खोड सर्वांना सारखीच जडलेली आहे. अशा वेळी रस्त्याकडेच्या घरातील एखादे आजारी माणूस म्हणते, "आवाज कमी करा हो, कानठळ्या बसतात." त्याला उत्तर मिळते, "सणावाराला थोडा आवाज व्हायचाच!" उत्तर देणारे लोक दुष्ट नसतात. त्यांनी हा शब्द पातेले पडल्यावर ऐकलेला असतो, वर्गातल्या गोंगाटाबद्दल ऐकलेला असतो, टाळ्यांच्या वृत्तान्तात वाचलेला असतो. कानठळ्या बसणे म्हणजे बोलण्याची एक पद्धत, असा त्यांचा समज झालेला असतो. 'लांडगा आला रे आला' असे उगाच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. येथे मात्र उगाच ओरडणारे निराळे असतात आणि लांडगा येतो तो दुसऱ्याच्याच दारी.

यावर कोणी म्हणेल, की अतिशयोक्ती हा भाषेचा अलंकार आहे. तिला इतके काट्याने तोलू लागलो, तर बोलणे रुक्ष होईल. या म्हणण्यात तथ्य आहे. भुकेने प्राण कासावीस झाले असे म्हणणाऱ्याचे प्राण कोणी तपासून पाहत नाही, आणि पाहूही नये. पण अलंकार अंगावर शोभतो तो प्रसंग पाहून घातला तर. अतिशयोक्तीची गंमतदेखील ऐकणाऱ्याला खरे माप ठाऊक असते म्हणूनच कळते. खरे माप विसरले गेले, की अतिशयोक्ती राहत नाही, नुसती खोटी नाणी उरतात. बाजारात खोटी नाणी फार झाली म्हणजे खऱ्या नाण्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात. त्याची झळ लागते ती ज्याच्याजवळ खरे नाणे आहे त्याला.

हा प्रश्न सोडविण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आवाजाविषयी लिहिण्यापूर्वी किंवा बोलण्यापूर्वी लिहिणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: या आवाजाने कोणाच्या कानाला काय झाले? काहीच झाले नसेल आणि आवाज केवळ मोठा असेल, तर गडगडाट, दणदणाट, घणघणाट यांतून त्याच्या जातीचा शब्द निवडावा. आवाजात उत्साह असेल, तर त्याला गगनभेदी म्हणावे. तो लहान पण खरखरीत असेल, तर कर्णकर्कश म्हणावे. आणि ऐकणाऱ्याचा कान खरोखर बधिर झाला असेल, तर मात्र निःसंकोचपणे कानठळ्या बसल्या असे लिहावे, आणि वाचणाऱ्याने तो शब्द खरा मानून त्या माणसाची विचारपूस करावी.

घशाला कोरड पडली तर पाणी मागता येते, डोळ्यांना उजेड सोसला नाही तर ते मिटून घेता येतात. कानांना पापण्या नाहीत. त्यांना वाचविण्याचे काम दुसऱ्याच्या समंजसपणावर सोपविलेले आहे. तो समंजसपणा जागा करण्यासाठी सोसणाऱ्याच्या हाती पुष्कळदा एक शब्दच असतो. त्या शब्दाचे वजन राखणे हे त्याच्या शेजाऱ्यांचे काम आहे.